चार इंचांची ॲस्टन मार्टिन

माझ्यासमोर टेबलावर एक सोनेरी मोटार उभी आहे. लांबी चार इंचांच्या आतबाहेर. सोनेरी म्हणायचे ते आता केवळ सवयीने. टपाच्या कडा, बॉनेटचे नाक आणि चाकांवरच्या कमानी येथला रंग केव्हाच उडाला आहे आणि खालचा करडा धातू दिसतो आहे. आत तांबड्या खुर्च्या. उजवीकडे चक्र धरून बसलेला एक सुटाबुटातला गृहस्थ. त्याच्या डावीकडची खुर्ची मात्र रिकामी.

ही मोटार मूळची आमच्या वाड्यावरच्या एका तारवट्याच्या घरची. इंग्रजी बोटींवर त्याची उभी हयात गेली. १९६६ साली रजेवर आला तेव्हा मुलासाठी त्याने ही लंडनहून आणली होती. तारवटी जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा परदेशात स्थायिक झाला, आणि घर बंद करायची वेळ आली तेव्हा म्हातारीने काचेच्या कपाटातल्या वस्तू शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. माझ्या वाट्याला ही मोटार आली. रिकाम्या खुर्चीतला माणूस कुठे गेला, असे मी तिला विचारले. "बांयंत रे पुता!" ती म्हणाली. आणि दुसरा? कारण खोक्यात एक जादा माणूसही मिळत असे, हे मला ठाऊक होते. "तोय बांयंत!" दोघेही एकाच मे महिन्याच्या सुटीत विहिरीच्या तळाशी गेले होते.

अशा मोटारी जमवणाऱ्या एका परिचिताला मी ही दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला. खोके नाही, प्रवासी नाही, रंग गेलेला, तेव्हा किंमत फारशी नाही. रंग पूर्ण उतरवून नवा द्या, खुर्चीत नकली माणूस बसवा, तो बाजारात सुटा मिळतो, मग बरी दिसेल. सल्ला व्यवहाराचा होता. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. या खेळण्यातली कारागिरी म्हणजे नेमके काय? ती त्या सोनेरी रंगात होती का? रंगाबरोबर ती गेली का?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला जरा मागे जावे लागेल. तेही इंग्लंडात नव्हे, जर्मनीत.

न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचे जुने शहर. पत्र्याची, किल्लीची खेळणी तिथून जगभर जात. तिथल्या 'टिप अँड कंपनी' या नामवंत कारखान्याचे मालक फिलिप उलमान हे ज्यू होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि उलमान यांना कारखाना मागे टाकून इंग्लंडची वाट धरावी लागली. त्याच वर्षी नॉर्थहॅम्प्टन येथे त्यांनी नव्याने आरंभ केला. टिपमधलेच त्यांचे सहकारी आर्थर काट्झ हेही येऊन मिळाले. 'मेटल टॉइज' या दोन शब्दांची मोडतोड करून कंपनीचे नाव ठेवले 'मेटॉय'. युद्धाच्या काळात इतर सर्वांप्रमाणे याही कारखान्यात युद्धसाहित्य निघाले. युद्धानंतर वेल्समधील स्वान्सी शहराजवळ फोरेस्टफाक येथे मोठा कारखाना उभा राहिला. १९५६ साली तिथून लहान मोटारींची जी मालिका बाहेर पडली तिला नाव मिळाले 'कॉर्गी'. कॉर्गी ही वेल्समधली आखूड पायांची कुत्र्याची जात. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीची लाडकी. निर्वासितांनी काढलेल्या कंपनीने आपल्या मालाला घ्यावे याहून अधिक ब्रिटिश नाव ते कोणते!

त्या वेळी या धंद्यात लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या 'डिंकी'चे राज्य होते. फ्रँक हॉर्नबी यांच्या या कंपनीने १९३०च्या दशकातच धातूच्या लहान मोटारी घराघरांत पोचवल्या होत्या. डिंकीची मोटार बाहेरून झकास, पण खिडक्यांच्या जागी नुसती भोके. कॉर्गीने त्या भोकांत पारदर्शक प्लास्टिकच्या काचा बसवल्या आणि 'खिडक्या असलेल्या मोटारी' अशीच आपली जाहिरात केली. गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण काच आली की मूल आत डोकावते, आणि आत डोकावले की आत काहीतरी असावे लागते. मग खुर्च्या आल्या, स्प्रिंगवर डोलणारी चाके आली, उघडणारी बॉनेटे आली. डिंकीलाही मागोमाग तेच करावे लागले. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडातल्या मुलांना जे काही मिळाले ते या चुरशीमुळे.

आता थोडे ओतकामाविषयी. हा भाग कंटाळवाणा वाटला तर वाचकांनी खुशाल गाळावा, पण माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे.

'डाय-कास्ट' म्हणजे पोलादी साच्यात दाबाखाली ओतलेले. धातू असतो जस्ताचा. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, शिवाय थोडे तांबे आणि नावापुरते मॅग्नेशियम. चारशे अंशांच्या आसपास हा मिश्रधातू पाण्यासारखा वाहतो. आपल्याकडे मूर्ती ओतणारा ओतारी प्रत्येक मूर्तीसाठी नवा साचा करतो आणि मूर्ती काढताना तो फोडतो. इथे उलटे. साचा एकच, आणि त्यातून लाखो नग निघायचे. म्हणून सगळी अक्कल त्या एका साच्यात ओतावी लागते. प्रथम मोटारीचा मोठ्या आकाराचा नमुना कोरतात. त्यावरून पँटोग्राफ यंत्राने लहान आकारात पोलाद कोरले जाते, आणि मग कुशल कारागीर हाताने त्यावर शेवटचा हात फिरवतो. तोही उलटा, कारण जे मोटारीवर उंच दिसायचे ते साच्यात खोल हवे. धातू थंड होताना आकसतो, तेवढा साचा मोठा धरायचा. ओतीव तुकडा साच्यातून सुटला पाहिजे म्हणून एकही भिंत अगदी उभी ठेवायची नाही, किंचित कलती ठेवायची. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक रेघ उमटतेच. ती कुठे लपवायची हे आधी ठरवायचे. बहुधा ती मोटारीच्या अंगच्याच एखाद्या घडीत दडवतात.

आणि रंगाचे गणित पाहा. ही मोटार खऱ्या मोटारीच्या साधारण शेचाळिसाव्या हिश्श्याची. रंगाचा थर केसाच्या जाडीइतका धरला तरी खऱ्या मोटारीच्या हिशेबाने तो तीन मिलिमीटर जाडीचा होतो! म्हणजे तुमच्या-आमच्या गाडीवर कोणी तीन मिलिमीटर लांबी फासावी तसा प्रकार. दरवाजाची रेघ, पुढची जाळी सगळे त्यात बुजायचे. म्हणून कारागीर या रेघा मुद्दाम प्रमाणाबाहेर खोल कोरतो. फूटपट्टी लावली तर चूक, डोळ्यांनी पाहिले तर बरोबर. माझ्या मोटारीचा रंग जिथे उडाला आहे तिथे ही कोरणी उघडी पडली आहे. नाकावरच्या जाळीचे बारीक दात नखाला लागतात. नव्याकोऱ्या मोटारीत ते एवढे स्पष्ट लागत नसावेत.

ओतल्यावर कडेची फालतू पापुद्री झाडायची, रंग द्यायचा, काचा, खुर्च्या, चाके बसवायची आणि शेवटी तळाचा पत्रा रिव्हेट ठोकून बंद करायचा. ही जोडणी हातांची. स्वान्सीच्या कारखान्यात या कामावर मोठ्या संख्येने स्थानिक स्त्रिया होत्या. त्यांची नावे कुठल्याच खोक्यावर नाहीत.

१९६४ साली 'गोल्डफिंगर' हा जेम्स बाँडचा चित्रपट आला आणि त्यातली रुपेरी ॲस्टन मार्टिन डीबी५ जगभर गाजली. ही मोटार मुळातच हातकामाची. शरीराची घडण मिलानच्या 'टूरिंग' या कारखान्याच्या पद्धतीची, बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. १९६३ ते १९६५ या काळात त्या जेमतेम हजारावर काही निघाल्या. चित्रपटासाठी केन ॲडम आणि जॉन स्टिअर्स यांनी तिच्यात बंदुका, मागची गोळीरोधक ढाल आणि शत्रूला टपातून बाहेर भिरकावणारी खुर्ची अशा करामती घातल्या.

कॉर्गीचे मुख्य अभिकल्पक होते मार्सेल व्हान क्लीम्पुट. खेळणे १९६५च्या नाताळात दुकानांत हवे होते आणि नवा साचा करायला सवड नव्हती. कॉर्गीकडे आधीच्या डीबी४ मोटारीचा साचा होता. तोच घेऊन त्यात फेरफार केले. म्हणजे चोखंदळ संग्राहकाच्या दृष्टीने ही मोटार पहिल्या पायरीलाच नापास. नाव डीबी५, हाडे डीबी४ची! रंगही चुकीचा. चित्रपटातली मोटार रुपेरी, ही सोनेरी. कारण असे सांगतात की रुपेरी रंग दिल्यावर ती रंग न दिलेल्या कच्च्या ओतीव तुकड्यासारखी दिसू लागली. सोनेरी रंगामुळे चित्रपटाच्या नावाशीही मेळ बसला. दरवाजे उघडत नाहीत. आतले घड्याळ-काटे नावालाच.

पण बाजूची कळ दाबा. पुढच्या दिव्यांखालून दोन बंदुका बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर बंपरची शिंगे पुढे सरकतात. मागची धुराड्याची नळी दाबा, डिकीमागून ढाल ताडकन उभी राहते. आणि दुसरी कळ दाबा... टपाचा तुकडा उघडतो आणि डावीकडची खुर्ची शेजाऱ्यासकट उसळते. साठ वर्षांनंतर, आमच्या दमट हवेत, तेल-वंगण न घालता हे सारे अजून चालते. मी आत्ताच पुन्हा करून पाहिले.

मला विचाराल तर कारागिरी इथे आहे. जी मोटार मुळात पोकळ होती, तिच्या पोटात बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत तीन वेगळ्या यंत्रणा बसवायच्या. एकीची स्प्रिंग दुसरीला अडता कामा नये. मुलाच्या अंगठ्याने सहज चालाव्या, खिशात आपोआप सुटू नयेत. शिवाय हे सगळे लाखोंच्या संख्येने, जोडणाऱ्या बाईला एकेका नगावर फार वेळ घालवावा न लागता, आणि दहा शिलिंगांच्या आसपास किमतीत व्हायला हवे. घाईत, जुन्या साच्यावर, हे जमवले गेले.

यात एक गमतीची गोष्ट आहे. चित्रपटात खुर्ची उडते ते कॅमेऱ्याचे काम, उडतो तो पुतळा. पुढे २०२० साली ॲस्टन मार्टिन कंपनीने न्यूपोर्ट पॅग्नेल येथे गोल्डफिंगरच्या मोटारीच्या पंचवीस नव्या प्रती करून विकायला काढल्या. किंमत करांखेरीज साडेसत्तावीस लाख पौंड. धुराचा पडदा, फिरणारी नंबराची पाटी, लुटुपुटूच्या बंदुका, सर्व काही. फक्त उडणारी खुर्ची नाही. सुरक्षिततेचा प्रश्न, ते समजण्यासारखे आहे. पण मग खरोखर उडणारी खुर्ची असलेली गोल्डफिंगरची मोटार जगात एकच म्हणायची, ती स्वान्सीची!

खोक्यात मोटारीबरोबर गुप्त सूचनांचे पाकीट, छातीला लावायचा ००७ चा बिल्ला आणि तो जादा शत्रू असे. हा जादा शत्रू मला फार आवडतो. पहिला हरवणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते. वस्तू जपून ठेवली जाईल असे त्यांनी गृहीतच धरले नव्हते. मालाचा तुटवडा पडेल इतकी मागणी आली. त्या वर्षीचा 'टॉय ऑफ द इयर' हा ब्रिटिश खेळणी-विक्रेत्यांचा सन्मान तिला मिळाला, आणि पुढच्या काही वर्षांत वीस लाखांहून अधिक नग खपले. १९६८ साली तिच्या जागी दुसरी आवृत्ती आली. ही थोडी मोठी, रंगाने रुपेरी, फिरती नंबरपाटी आणि टायर फाडणारी पाती असलेली. अधिक बरोबर, अधिक भरगच्च. तरी लोकांच्या मनात राहिली ती पहिली, चुकीची, सोनेरीच.

त्याच १९६८ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' आणल्या आणि सगळा खेळच बदलला. झगझगीत रंग, बारीक आस, सुळकन पळणारी चाके. मुलांना आता उतारावरून कोणाची पुढे जाते हे पाहायचे होते. वर्षभरात कॉर्गीने आणि 'मॅचबॉक्स'वाल्या लेस्नीनेही पळणारी चाके लावली. सुबक तारांची चाके, रबरी टायर हे हळूहळू गेले. स्पर्धा, महागाई, पुढे इलेक्ट्रॉनिक खेळ या साऱ्यांत एकेक घराणे बुडाले. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना १९७९ साली बंद पडला, लेस्नीचे दिवाळे १९८२ साली वाजले, आणि १९८३ साली मेटॉयचे. बुडण्याच्या आदल्या वर्षी मेटॉयने 'ड्रॅगन ३२' नावाचा घरगुती संगणकही बाजारात आणून पाहिला होता. बुडत्याला काडीचा आधार, दुसरे काय.

साचे मात्र मालकांबरोबर मरत नाहीत. मेकॅनोने डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला विकले होते. तिथे त्यातून 'निकी टॉइज' या नावाने मोटारी निघत. जॅग्वार ई-टाइपही त्यांत होती. आयातबंदीच्या काळात भारतातल्या मुलांच्या हाती आलेली ही ई-टाइप पाहिली तर साच्याचे म्हातारपण कळते. रेघा बोथट, कडा गोलसर, चेहऱ्यावरचे दात झिजलेले. माणसे, धातू, रंग बदलले म्हणून नव्हे, कोरणी झिजली म्हणून. लेस्नीचे साचे हाँगकाँगच्या कंपनीकडे गेले, आणि १९८०च्या दशकातल्या पुष्कळ मॅचबॉक्स मोटारींच्या पोटावर 'मेड इन मकाव' असे उमटले. गोव्याच्या वाचकाला हे शब्द वाचून थोडे हसू येईल. १८४४पर्यंत मकावचा कारभार आमच्याच गोव्याच्या व्हिसरेई-गव्हर्नराच्या हाताखाली होता. तिथे इंग्रजांच्या मोटारी ओतल्या जातील असे पणजीच्या सेक्रेतारियातीत बसलेल्या कोणाला स्वप्नात तरी वाटले असेल का?

खेळणी बुडाली तेव्हा ती खेळलेली मुले मोठी झाली होती, आणि त्यांच्याकडे पैसे होते. १९८०नंतर या मोटारी 'संग्राह्य' झाल्या. आता नवे नमुने थेट मोठ्यांसाठीच निघू लागले. खऱ्याच्या अठराव्या हिश्श्याच्या मोटारी, कित्येकशे सुटे भाग, इंजिनात तारा, चाकांना खऱ्या आऱ्या, आत चामड्यासारखे चामडे. पोर्तुगालमध्येही 'व्हितेस'सारख्या कंपन्यांनी त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या सुंदर मोटारी केल्या. हे काम थोर आहे, मी ते नाकारत नाही. पण 'तपशील' या शब्दाचा अर्थ मधल्या काळात पालटला. पूर्वी मोटार काय काय करते हा तपशील होता. आता ती कशी दिसते हा आहे. अशी मोटार काचेबाहेर काढायची सोय नाही. आरसा तुटला तर संपले. आणि जुन्या मोटारींचा बाजारही याच नजरेने चालतो. न उघडलेल्या खोक्यातली, कोणी कधी कळ न दाबलेली मोटार सर्वांत महाग. खुर्ची उडते की नाही हे तिच्या मालकाला कळायचा संभवच नाही.

जपणुकीचे एक खरे संकट मात्र सांगितले पाहिजे, विशेषतः आपल्याकडच्या वाचकांना. जस्तात शिशाचा अंश राहून गेला तर वर्षानुवर्षांनी मिश्रधातू आतून किडतो. मोटार फुगते, तडे जातात, शेवटी हातात भुगा येतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी मोटारी अशा गेल्या. पुढे अतिशुद्ध जस्त वापरू लागल्यावर हा रोग आटोक्यात आला, तरी नंतरच्या काही महागड्या नमुन्यांतही तो अधूनमधून आढळतो. उष्णता आणि दमटपणा त्याला पोसतो. म्हणजे गोव्याचा पावसाळा! ज्यांच्याकडे अशा मोटारी असतील त्यांनी त्या कोरड्या जागी ठेवाव्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते, तेव्हा खोकी वेगळी. खाऱ्या हवेत उघड्या जस्तावर पांढरी भुकटी येते, ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. माझ्या मोटारीला कीड नाही. सगळीकडे भिंग लावून पाहिले, एकही तडा नाही. स्वान्सीच्या ओतकामाची शुद्धता याहून वेगळ्या दाखल्याने सिद्ध करायला नको.

तर रंगाचे काय केले? काही नाही. परिचिताला तसे कळवले, तो थोडा खट्टू झाला. रंग उतरवायचा म्हणजे तळाचे रिव्हेट फोडून मोटार उघडायची. १९६५-६६ साली कुणा वेल्श बाईच्या हाताखाली बंद झालेले ते पोट मला उघडायचे नाही. आणि जो रंग गेला आहे तो जिथे जिथे गेला तिथे एका पोराची बोटे होती. टपाची कड सर्वांत जास्त झिजली आहे. उडालेला टप पुन्हा दाबून बसवायची जागा तीच.

परवा पुतणीचा मुलगा आला होता. सहा वर्षांचा. कळ दाबल्यावर रिकामी खुर्ची उसळली तेव्हा त्याने विचारले, इथे कोण बसतो? मी विहिरीची हकीकत सांगितली. त्याने जरा विचार केला, अंगणातून एक चिंचोका आणला, खुर्चीवर ठेवला आणि कळ दाबली. चिंचोका सोप्याच्या कठड्यापर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला तो त्याने बाहेर तुळशीपर्यंत पोचवला.